रुस्तम जाल वकील

रुस्तम जाल वकील (१७ जुलै, १९११ - २० नोव्हेंबर, १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होते. सर्पगंधा या वनस्पतीमुळे उच्च रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीतून दाखवून दिले. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते.

जीवन

वकील यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाशी ते दीर्घकाळ निगडित होते.

पार्श्वभूमी

दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीतील शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये त्यास स्टेथोस्कोपची जोड दिली. त्यामुळे हृदयाच्या आकुंचनावेळचा वरचा आणि प्रसरणावेळचा खालचा असे दोन्ही दाब समजू लागले. मात्र वाढलेला दाब उतरवण्याचे खात्रीचे औषध पुढील चार दशके नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या रक्तदाबाची नोंद नियमित होत असूनही १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला.

सर्पगंधावरील संशोधन

सर्पगंधेचे मूळ भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होते. कोलकाता येथील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या रक्तदाबावरील परिणामाकडे लक्ष वेधले होते. वकील यांनी ५० रुग्णांना या मुळापासून केलेल्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाच्या चाचण्या घेतल्या. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये सर्पगंधेतील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पिन जगभर वापरले गेले. परंतु काही रुग्णांत नैराश्यासारखे दुष्परिणाम दिसल्याने व अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने त्याचा वापर पुढे कमी झाला.

रक्तदाबाच्या नोंदींचे महत्त्व

उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. त्यामुळे औषध लागू पडले की नाही, हे केवळ मोजूनच कळते. वकील यांचा निष्कर्ष ज्या दोन आकड्यांवर उभा होता, तेच आकडे आता घरच्या यंत्रावरही पाहता येतात. प्रौढांमध्ये १२०/८० पेक्षा कमी रक्तदाब सर्वसाधारण मानला जातो. श्रम, चिंता, चहा व धूम्रपान यांमुळे तो तात्पुरता वाढतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणी करतात. एका मोजणीवरून निष्कर्ष न काढता अनेक दिवसांच्या नोंदी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. एखादी नोंद सर्वसाधारण आली तरी चालू औषध स्वतःहून थांबवणे धोक्याचे ठरते.

सन्मान व लेखन

वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये पद्मभूषण व १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार देऊन त्यांना गौरवण्यात आले. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘फिजिकल डायग्नोसिस’ हे रुग्णतपासणीवरील पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये विशेष परिचित आहे.