रेडिओला ट्यूनिंग शिकवणारा हा शास्त्रज्ञ शेवटपर्यंत गेलेल्या मुलाचा 'सिग्नल' शोधत राहिला

डोंगरावर वायरलेसचा टॉवर पाहिलाय? वॉकीटॉकीचा आवाज लांब पोचवायला तिथं रिपीटर बसवतात. बऱ्याचदा तो एकाच अँटेनावरून एकाच वेळी ऐकतो आणि बोलतोही. मग स्वतःच्या गोंगाटात त्याला लांबून आलेला बारीक सिग्नल ऐकू कसा येतो?

ही कमाल डुप्लेक्सरची. त्यात धातूचे पोकळ डबे असतात, म्हणजेच कॅव्हिटी फिल्टर. प्रत्येक डबा ठरलेली फ्रिक्वेन्सी सोडतो किंवा अडवतो. ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी जितकी जवळ, तितके डबे मोठे आणि जास्त लागतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ट्यूनिंग. आणि ते रेडिओत आणणाऱ्यांमध्ये मोठं नाव म्हणजे सर ऑलिव्हर लॉज.

लॉज यांचा जन्म १८५१ चा, इंग्लंडमधला. वडील कुंभारकामाची माती विकायचे. १४ व्या वर्षी पोरगं शाळा सोडून त्याच धंद्यात लागलं. पण विज्ञानाचं वेड काही सुटलं नाही. पुढं शिकून ते १८८१ साली लिव्हरपूलला प्राध्यापक झाले.

१८८९ साली त्यांनी वीज साठवणाऱ्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत ठिणगी पाडली की लांबच्या दुसरीतही ठिणगी पडायची. पण कधी? दोघींना जोडलेल्या तारांची वेटोळी जुळली तरच. जरा फरक पडला की ठिणगी गायब. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तरच तो चढतो, तसंच हे.

१८९७ मध्ये त्यांनी ट्यूनिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९११ साली त्या पेटंटची मुदत सात वर्षांनी वाढली आणि अखेर खुद्द मार्कोनी कंपनीला ते विकत घ्यावं लागलं.

पण १८८९ सालीच जन्मलेला त्यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. मृतात्म्यांशी संपर्काच्या प्रयोगांत लॉज यांना आधीपासून रस होताच. आता ते माध्यमांच्या बैठकांमध्ये मुलाचा आवाज शोधू लागले. १९१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. टीका झाली, टिंगल झाली. पण १९४० मध्ये जाईपर्यंत त्यांनी तो विश्वास सोडला नाही.

त्यांच्या त्या दाव्यांना विज्ञानानं काही मानलं नाही. ट्यूनिंग मात्र टिकलं. आजही टेक्निशियन डब्यावरचा स्क्रू फिरवून फ्रिक्वेन्सी जुळवतो, तेव्हा तो लॉज यांनी त्या बरण्यांवर केलेलंच काम करत असतो.