दुसऱ्याकरितां मागणें : पंडिता रमाबाईंचें चरित्र

आमच्या खडकीच्या स्टेशनावरून पश्चिमेकडे जाणारी गाडी लोणावळ्यास पोंचते. आणि पूर्वेकडे पुणें मागें टाकून दौंडच्या वाटेनें गेलें असतां केडगांव लागतें. लोणावळें आमच्या विद्यार्थ्यांना सहलीमुळें ठाऊक आहे. केडगांव मात्र पुष्कळांना स्टेशनाच्या पाटीवरील एक नांव एवढेंच ठाऊक असेल. ज्या बाईंचें चरित्र आम्हीं यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्यांतील प्रार्थनेच्या दोन मोठ्या गोष्टी या दोन गांवीं घडल्या, आणि खडकीवरून त्यांची गाडी कितीदां गेली असेल याची गणती करणें कठीण आहे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

स्त्रीशिक्षणाच्या बाजूनें त्यांचें चरित्र पुष्कळांनीं लिहिलें आहे, व तें योग्यच आहे. आम्हांला येथें त्यांच्याकडे निराळ्या बाजूनें पाहावयाचें आहे. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें मध्यस्थ लागतो काय, आणि एका मनुष्यानें दुसऱ्याकरितां देवाजवळ मागावें यांत कांहीं अर्थ आहे काय, या प्रश्नानें बाईंचा पिच्छा जन्मभर पुरविला. त्याचें उत्तर त्यांना सहज सांपडलें नाहीं. आणि सांपडल्यावर तें स्वस्तही पडलें नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्या काळीं हा केवढा अपराध समजला जाई हें आमच्या आजच्या विद्यार्थिनींस सांगूनही खरें वाटणार नाहीं. आईनें तीच विद्या पहांटे उठवून मुलीस दिली. पुढें घरची स्थिति खालावली, आणि हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें तें कायमचेंच. देवळाच्या ओवरींत बसून पुराण सांगावें, श्रोत्यांनीं पुण्यप्राप्तीसाठीं दक्षिणा ठेवावी, तीवर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम असे. रमाबाईही लहानपणापासून पुराण सांगत. म्हणजे देवाच्या आणि लोकांच्या मध्यें बसून पुण्य पोंचविणाऱ्याचें काम त्यांनीं स्वतः केलें होतें. त्यांतील आंतली बाजू त्यांनीं जवळून पाहिली होती. पुढें त्यांनीं मध्यस्थाविषयीं जो संशय धरला त्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

१८७४ नंतरच्या वर्षांत दक्षिणेंत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांनीं उरलासुरला पैसा व्रतांत, दानांत व अनुष्ठानांत घातला. हातांनीं मजुरी करण्याची संवय कोणासच नव्हती. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या शेवटच्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविला आहे. भुकेनें भ्रमिष्ट झालेली आई खावयास मागूं लागली. मुलगी शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारीं जाऊन उभी राहिली. पण शास्त्र्याच्या मुलीनें भाकरी कशी मागावी? डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, तोंडांतून शब्द फुटेना. मोठ्या कष्टानें तिनें बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला, आणि त्या बाईनें तो दिलाही. मुलगी धांवत घरीं आली. पण आईच्या अंगांत तो खाण्याचें त्राण उरलें नव्हतें. दुसऱ्याकरितां मागावयास गेलेल्या या मुलीचें हें पहिलें मागणें. वाचकांनीं तें लक्षांत ठेवावें.

यानंतर रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथील पंडितांनीं बाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी नामक वकिलाशीं विवाह केला. कन्या मनोरमा झाली. आणि १८८२ च्या आरंभीं पति पटकीनें निवर्तले. चोविसाव्या वर्षीं तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर कमिशनापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली.

या वेळपर्यंत त्यांचीं मतें ब्राह्मसमाजाच्या जवळचीं झालीं होतीं. देव एक आहे, आणि प्रत्येक जीवानें त्याच्यापुढें सरळ जावें, मध्यें कोणी नको, हें त्यांस पटलें होतें. पतीच्या घरीं लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं पडली होती; पुण्यास नवा करार मराठींतून वाचण्याचा योग आला. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींच्या मठांत गेल्या. त्या भगिनी लंडनमध्यें पतित स्त्रियांस जवळ घेऊन त्यांची शुश्रूषा करीत. तें पाहून बाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांकरितां कोणी रदबदली करावी, ही गोष्टच त्यांना नवी होती. शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांनीं तेव्हां पुन्हा वाचली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांचाही त्यांत मोठा वांटा होता.

येथें पुष्कळ चरित्रकार सुटकेचा श्वास टाकितात. परंतु बाईंची अडचण संपली नव्हती. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षें सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका मिस बील यांच्याशीं त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालला होता. ख्रिस्ताचें देवपण त्यांस समजेना. आणि एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरवून दुसऱ्याचें घेण्यास त्या मुळींच तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीनना हा हट्ट वाटला. आम्हांस तो हट्ट वाटत नाहीं. जिनें देवळाच्या ओवरींत बसून पुण्याचा व्यापार पाहिला, तिनें नव्या मध्यस्थाची कसून चौकशी करावी हें प्रामाणिकपणाचेंच लक्षण होय.

मध्यस्थ या शब्दानें आपल्याकडे घोटाळा होतो. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ, सावकाराकडे शब्द टाकणारा मध्यस्थ, कचेरींत काम करून देणारा मध्यस्थ, हे सगळे आपापला मोबदला घेतात, आणि त्यांचें महत्त्व दोन पक्षांना एकमेकांपासून दूर ठेवण्यांतच असतें. ख्रिस्ती शिकवणींतील मध्यस्थ यांहून फार भिन्न आहे. त्याला जामिनाची उपमा अधिक शोभते. ऋणको फेडूं शकत नाहीं म्हणून जामीन आपल्या पदरचें भरतो. येशू ख्रिस्त हा देव आणि मनुष्य या दोघांकडचा असून, त्यानें आपला प्राण देऊन मनुष्यास देवाच्या दारांतून आंत नेलें, आणि अजूनही तो पित्याजवळ आपल्या लोकांकरितां विनंति करीत आहे, असें ख्रिस्ती लोक मानितात. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत हा एकच मध्यस्थ सांगितला आहे. गंमत अशी कीं, त्याच अध्यायाच्या आरंभीं सर्व मनुष्यांकरितां, राजांकरितांही, प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. मध्यस्थ एकच, आणि मागणारे मात्र सर्व! आमच्या रोमन कॅथॉलिक विद्यार्थ्यांच्या घरीं संतांस आपल्याकरितां विनंति करण्यास सांगतात. प्रॉटेस्टंट घरीं तसें करीत नाहींत. तरी दोघेही आपलें मागणें शेवटीं ख्रिस्ताच्या नांवानेंच संपवितात.

बाईंस हें उमगलें तें १८९१ च्या सुमारास. मध्यंतरीं त्या अमेरिकेस जाऊन आल्या होत्या. तेथें बोस्टन येथें त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झालें. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस बालविधवांकरितां शारदासदन उघडलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. त्या सुमारास हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ पुष्कळ वर्षें धर्मगुरु असून ख्रिस्ताची ओळख त्यास फार उशीरां पटली होती. बाईंनीं आपलें मन तपासलें, आणि आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळाला नाहीं, असा कठोर निकाल स्वतःविरुद्ध दिला. त्या दिवसांपासून मध्यस्थ हा त्यांस वादाचा विषय राहिला नाहीं. तो त्यांचा आधार झाला.

त्याची किंमत लौकरच द्यावी लागली. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि सदनांतील कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. पुण्यांत गवगवा झाला. १८९३ सालीं रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांवर आम्ही दोष ठेवीत नाहीं. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील या भरंवशावर त्यांनीं मुली ठेविल्या होत्या, आणि त्यांची भीति खरी होती. पण आपण प्रार्थना करतांना स्वतःच्या घराचें दार लावून घ्यावें, हेंही बाईंना पटण्यासारखें नव्हतें. दोन्ही बाजूंस सच्ची माणसें असून तुटलें, असा हा प्रसंग आहे.

१८९५ सालीं लोणावळ्यास रानांत ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनामेळा भरला होता. बाई आपल्या मुलींसह गेल्या. सदनांतील १५ मुलींनीं ख्रिस्तावर विश्वास ठेविला होता, त्यांचें समाधान त्यांना वाटत होतें. एके दिवशीं पहांटे झाडींत जाऊन प्रार्थना करीत असतां, या संख्येचा वर्ग होईल इतक्या मुली मला दे, असें मागणें त्यांच्या मनांत आलें. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आंकडा मनांत केलाच असेल : २२५. बाईंजवळ तेव्हां तेवढ्यांना निजवावयास जागाही नव्हती! १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. आपल्या आईची भाकर बाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि थोड्याच महिन्यांत सुमारें ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस शहरांत ठेवण्याची मनाई झाली. तेव्हां केडगांवास घेतलेल्या माळरानावर झोंपड्या उभारून त्यांना नेलें. हेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. मागितलें तें मिळालें, असें म्हणून थांबणें सोपें आहे. पण आणलेल्यांपैकीं पुष्कळ मुली इतक्या खंगलेल्या होत्या कीं, त्या केडगांवासही वांचल्या नाहींत. त्यांच्याकरितांही प्रार्थना झाली होतीच. बाईंनीं हें झांकून ठेविलें नाहीं.

१९०४ सालीं वेल्स देशांत मोठी धर्मजागृति झाल्याचें वर्तमान आलें. १९०५ च्या जानेवारींत बाईंनीं मुलींना बोलावून विचारलें कीं, रोज नेमानें येऊन हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांकरितां, व या देशाकरितां, प्रार्थना करण्यास कोण तयार आहे? प्रथम ७० जणी आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसांतून दोन वेळां जमूं लागल्या. जूनच्या अखेरीस मुली रडूं लागल्या, आपलीं पापें उघड कबूल करूं लागल्या, आणि शेंकडों जणी एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. या गलबल्यास कांहीं मिशनऱ्यांनींही नांवें ठेविलीं. आम्हांसही शांत उपासनेची संवय आहे, आणि त्या मंडपांत आम्ही असतों तर बहुधा दाराजवळच बसलों असतों. तथापि एक गोष्ट नजरेंतून सुटूं नये. या मुली कोण? दुष्काळांत ज्यांच्याकरितां कोणी शब्द टाकला नव्हता, कित्येकींचीं सारीं घरेंच्या घरें बसलीं होतीं, त्या. त्याच आतां दुसऱ्यांकरितां मागत होत्या. ठिकठिकाणांहून लोक प्रार्थनेसाठीं नांवें पाठवीत; त्यांच्या याद्या करून मुलींच्या टोळ्यांस वांटून देत; आणि ज्यांचें तोंडही पाहिलें नाहीं अशा माणसांचीं नांवें त्या देवापुढें एकेक करून उच्चारीत. केडगांवाहून निघणाऱ्या इंग्रजी नियतकालिकाचें नांवही प्रार्थनेची घंटा अशाच अर्थाचें होतें.

प्रार्थनेपाठोपाठ काम येई. मुली शेतांत, विणकामांत, दवाखान्यांत, छापखान्यांत राबत. जी दुसऱ्या मुलीकरितां सकाळीं मागे, तिलाच दुपारीं त्या मुलीचें क्षत धुवावें लागे.

उतारवयांत बाईंना कानांनीं कमी ऐकूं येऊं लागलें होतें. सर्व भार मनोरमाबाईंवर टाकावा, असें त्यांनीं योजिलें होतें. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाईच चाळिसाव्या वर्षीं वारल्या. त्यांच्याकरितां केडगांवांत किती प्रार्थना झाल्या असतील, हें सांगावयास नको. बाई त्यानंतर नऊ महिन्यांहूनही कमी काळ जगल्या. तो काळ त्यांनीं एका जुन्या कामांत घालविला.

हें काम म्हणजे सबंध बायबलाचें मराठी भाषांतर. इब्रानी व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बाईंनीं तें कित्येक वर्षें चालविलें होतें. तेव्हांच्या चालू भाषांतराची भाषा खेड्यांतल्या बायकांना जड जाते, मध्यें कोणी शास्त्री बसून अर्थ सांगावा लागतो, हें त्यांस खटके. संस्कृताची एवढी पंडिता. पण तिनें शब्द शोधले ते जात्यावरच्या बाईला कळतील असे. आमच्या मतें त्यांतील कांहीं शब्द ओबडधोबड आहेत, आणि त्या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाहीं. तरी तें करण्यामागील हेतु बाईंच्या साऱ्या आयुष्याशीं जुळतो. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई झोंपेंत वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या व पानें छापणाऱ्या हातांत दुष्काळांतून आणलेल्या मुलींचे हात होते.