मुडदूस बरा करणारं ऊन: हॅरिएट चिक यांनी व्हिएन्नात नक्की काय शोधलं?

1919 सालचं व्हिएन्ना. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडून पडलेलं. दूध, लोणी, कोळसा, सगळ्याचीच टंचाई. शहरात जिकडे तिकडे लहान मुलं एकाच आजारानं ग्रासलेली दिसत होती. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं जाड झालेली, चालायला उशीर. मराठीत याला मुडदूस म्हणतात.

या शहरात लंडनहून एक बाई आल्या. वय 44. नाव हॅरिएट चिक.

हॅरिएट यांचा जन्म 1875 चा, लंडनमधला. वडील लेसचे व्यापारी, घर कडक धार्मिक शिस्तीचं, पण मुलींना शिकवणारं. 1905 मध्ये त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी अर्ज केला. तिथे तोवर एकाही बाईची अशी नेमणूक झाली नव्हती. संस्थेतल्या दोघांनी बाईची नेमणूक करू नये, अशी संचालकांना गळ घातली. तरीही त्यांची निवड झाली. पुढे जंतुनाशकं किती प्रभावी आहेत हे तपासायची जी पद्धत त्यांनी बसवली, ती आजही चिक-मार्टिन चाचणी म्हणून ओळखली जाते.

महायुद्धानं त्यांना आहाराच्या प्रश्नाकडे वळवलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या फौजेतल्या भारतीय सैनिकांना ताज्या भाज्या मिळेनात, म्हणून स्कर्व्ही होत होता. या फौजेत पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखायची ताकद जवळजवळ नसते, पण तीच कडधान्यं भिजवून मोड आणले की ती येते. आपल्याकडे मोड आणून उसळ करायची पद्धत जुनीच. (शिजवल्यावर त्यातला बराच गुण जातो, हे मात्र खरं.)

आता पुन्हा व्हिएन्ना. त्या काळी मुडदूस कशानं होतो यावर डॉक्टरांची भांडणं चालू होती. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून म्हणत होते, दोष आहाराचा. ग्लासगोतले डॉक्टर म्हणत होते, कोंदट घरं आणि हालचालीचा अभाव. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की पाऱ्याच्या दिव्याचा उजेड देऊन मुलं बरी करत होते. आणि व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख क्लेमेन्स फॉन पिर्के यांना वाटत होतं, की हा संसर्गजन्य रोग आहे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवणारे ते हेच पिर्के. चिक यांच्या प्रयोगातून काही निघेल अशी त्यांना फारशी आशा नव्हती. तरीही त्यांनी वॉर्ड दिला, परिचारिका दिल्या. असा मोठेपणा प्रत्येक प्रमुखाकडे नसतो.

चिक यांच्या तुकडीत बहुतेक बायकाच होत्या. त्यांनी बाळांचे दोन गट केले. एका गटाला तिथला नेहमीचा आहार, दुसऱ्याला भरपूर दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल. स्वच्छता, देखभाल सगळं सारखं. हाडांचे एक्स-रे काढून नोंदी ठेवल्या. हिवाळ्यात पहिल्या गटातल्या बऱ्याच बाळांना मुडदूस झाला, दुसऱ्या गटातली बाळं वाचली. संसर्ग असता तर एकाच वॉर्डात असा फरक पडला नसता.

खरी गंमत उन्हाळ्यात कळली. तेल न मिळणाऱ्या बाळांनाही नवा मुडदूस होईना. आधीच आजारी असलेल्या मुलांना उघड्यावर उन्हात ठेवलं तर तीही बरी होऊ लागली. हिवाळ्यात पाऱ्याच्या दिव्यानंही तेच घडलं. थोडक्यात, माशाचं तेल आणि ऊन एकच काम करत होते. आहारवाले आणि उजेडवाले दोघेही बरोबर निघाले. 1922 पर्यंत हे काम चाललं आणि पिर्के यांनीही आपलं मत बदललं.

ऊन हे कसं करतं, ते मात्र पुढच्या काही वर्षांत उलगडलं. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट बी किरण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात. व्हिएन्नासारख्या उत्तरेकडच्या शहरात हिवाळ्यात हे किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत.

आपल्याकडे ऊन भरपूर, तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते. कारण आपण सावलीत राहतो, आणि खिडकीची काच हे किरण अडवते. ज्या कोवळ्या उन्हाचं आपल्याला कौतुक, त्यातही ते फार कमी असतात. आपली सावली उंचीपेक्षा लहान पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. पण भाजेपर्यंत बसून काही मिळत नाही, कारण ठरावीक वेळेनंतर त्वचा जास्तीचा साठा स्वतःच मोडून टाकते. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, त्वचा लाल व्हायच्या आत सावलीत, एवढं बस. तान्ह्या बाळांची त्वचा नाजूक असते, त्यामुळे त्यांना तळपत्या उन्हात ठेवण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञ ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात.

चिक यांनी नंतरही आहारावरच काम केलं. दुसऱ्या महायुद्धात पांढऱ्या पिठापेक्षा कोंडा राखलेलं पीठ बरं, हे त्या प्रयोगांनी मांडत होत्या. 1949 मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. 1977 साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचं वय 102 होतं.