विश्लेषण : नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, संसार मोडला... तरी लक्ष्मीबाई टिळकांनी माफ कसे केले?

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या पट्ट्यात हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. गणपतीत आणि नाताळात एकमेकांकडे गोडधोड जाते, याचे कुणाला नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र एका मराठी घरात नवरा-बायकोतच पाण्याचा माठ वेगळा झाला होता. ते घर होते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. हा दुरावा कसा आला आणि कसा मिटला, हे समजून घेऊ या.

कोण होते हे दोघे?

नारायण वामन टिळक यांचा जन्म करजगावचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतूनच वेगळा झाला. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच टिळकांनी घर सोडले आणि शिक्षणासाठी नाशिक गाठले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडील सोवळ्याच्या बाबतीत टोकाचे कडक. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, अशा वातावरणात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख पुढे टिळकांनीच करून दिली.

संसार सुरुवातीपासूनच ओढाताणीचा होता. टिळक बुद्धिमान, कवी, पण तापट. पैसा हातात टिकत नसे, नोकरी टिकत नसे. लहर आली की घर सोडून जात आणि बरेच दिवस पत्ता नसे. मागे राहिलेल्या बायकोने नातलगांकडे दिवस काढायचे, हे ठरून गेलेले होते.

नेमकी ठिणगी कुठे पडली?

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना बायबल वाचायला दिले. येशूचे डोंगरावरचे प्रवचन त्यांच्या मनात घर करून राहिले. शत्रूवरही प्रेम करा, क्षमा करा, ही त्यातली शिकवण. दोन वर्षे विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय घेताना त्यांनी बायकोला विश्वासात घेतले नाही. क्षमेचा धर्म स्वीकारताना सर्वांत जवळच्या माणसावर मोठा घाव घातला गेला. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सत्तावीसच्या आत-बाहेर, पदरात लहानगा दत्तू. त्या काळच्या रूढीप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्यासोबत राहणे म्हणजे जात आणि नातीगोती सगळ्यांवर पाणी सोडणे. नवरा जिवंत असून त्याच्याजवळ जाता येत नाही, अशी त्यांची स्थिती झाली. धक्क्याने त्यांची तब्येत ढासळली. नाशिक, पंढरपूर इथे आप्तांच्या आधाराने त्यांनी वर्षे काढली. मनातले दुःख त्या कवितेत मांडू लागल्या, ते याच काळात.

दुरावा मिटला कसा?

सुमारे साडेचार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या. पण त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच राहायचे, हे त्यांनी पक्के ठरवले होते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

इथे टिळक बदललेले दिसतात. आधी एकट्याने निर्णय लादणारा हा माणूस आता बायकोच्या निर्णयासाठी थांबायला तयार झाला. त्यांनी तिचे सोवळे मोडले नाही, उलट ते तिला पाळता यावे म्हणून सोय करून दिली. स्वभाव एका रात्रीत गेला नाही. चिडणे, रुसणे चालूच होते. पण श्रद्धेच्या बाबतीत जबरदस्ती करायची नाही, एवढे ते शिकले होते.

या कहाणीतला क्रम म्हणूनच लक्षात घेण्यासारखा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी नवऱ्याला माफ केले, धर्म नंतर आला. माफीसुद्धा एका दिवसात झाली नाही. एका छपराखाली राहणे, मग एकत्र बोलणे-बसणे, मग एका पंक्तीला जेवणे, अशी ती पायरी-पायरीने झाली.

लक्ष्मीबाईंना स्वतःची कोणती चूक दिसली?

मुक्काम राहुरीला असताना एक प्रश्न त्यांना छळू लागला. जात देवाने केली की माणसाने? जन्म आणि मरण सगळ्यांचे सारखेच, भूक-तहानही सारखीच. मग विटाळ आला कुठून? ज्या सोवळ्यापायी नवऱ्यापासून दूर राहिलो आणि कितीतरी माणसांना लांब ठेवले, ते देवाचे नसून माणसाचेच आहे, या निष्कर्षाला त्या आल्या. त्यानंतर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांनी तयारी केली. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय मोडणे सोपे नव्हते. पण चूक कळल्यावर त्यांनी ती पुढे ढकलली नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुढे या बदलाचे काय झाले?

प्लेगच्या साथीत लोक आपल्या माणसांनाही हात लावायला घाबरत होते. त्या काळात लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवा केली. एके काळी सावलीचाही विटाळ मानणाऱ्या घरातल्या या बाई आता परक्या आजाऱ्यांच्या उशाशी बसत होत्या. टिळकांच्या घराचे दार निराधार मुलांना उघडे असे. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले.

टिळकांनीही ख्रिस्ती भक्ती अभंग आणि कीर्तनाच्या मराठी वळणात आणली. तुकोबांची वाट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा बहुतांश भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी. ज्याने अक्षरे शिकवली, त्याचेच काम त्यांनी पुढे नेले.

‘स्मृतिचित्रे’ आजही का वाचले जाते?

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग येण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. या पुस्तकात टिळकांचा संताप, बेफिकिरी, घर सोडून जाणे, काहीच लपवलेले नाही. स्वतःच्या फजितीही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने आणि हसत सांगितल्या आहेत.

माफ करणे म्हणजे झाले-गेले पुसून टाकणे, असा एक समज असतो. लक्ष्मीबाईंनी काहीच पुसले नाही. नवऱ्याची चूक चूक म्हणूनच सांगितली, स्वतःचीही सांगितली आणि त्या दोन्ही चुकांसह संसार पुन्हा उभा केला. कुणा एकाने दुसऱ्याला न विचारता मोठा निर्णय घेतला आणि नाते तुटायला आले, अशी घरे आजही आहेत. तिथे समोरच्याने चूक कबूल करून थांबायला शिकणे आणि दुखावलेल्याला त्याच्या गतीने परत येऊ देणे, या दोन गोष्टी या जोडप्याकडून घेण्यासारख्या आहेत.