राजवाड्यांची दप्तरे

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळजण लिहिणार आहेत, म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. बुधवार पेठेतल्या आपल्या शाळेपासून सदाशिव पेठेत चालत गेले की भरत नाट्य मंदिराजवळ भारत इतिहास संशोधक मंडळ लागते. नाटकाला जाताना आपण सगळ्यांनी ती पाटी वाचली आहे. आत जाणारे मात्र थोडेच. हे मंडळ ज्यांनी काढले, त्या वि. का. राजवाड्यांना जाऊन आता शंभर वर्षे होत आली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव इतिहासाचार्य या पदवीसह एखाद्या ओळीत येऊन जायचे. त्या ओळीमागचा माणूस भलताच तिरपागडा, भांडखोर आणि कष्टाळू होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले आणि पुढे डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी. ए. केले. त्यांचे थोरले भाऊ वैजनाथ काशीनाथ हेही मोठे विद्वान. ते फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. विश्वनाथरावांनीही काही काळ शाळामास्तरकी केली, पण नोकरीत मन रमले नाही. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही आणि पुढे आयुष्यभर नोकरीही केली नाही. १८९४ साली त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत हा त्याचा हेतू होता आणि त्यासाठी प्लेटोचे 'रिपब्लिक' त्यांनी स्वतः मराठीत आणले. मासिक तीनेक वर्षांत बंद पडले.

नंतर वाईला जुन्या कागदांचा मोठा साठा त्यांच्या हाती लागला आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यातली बरीच पत्रे पानिपताच्या मोहिमेच्या काळातली होती. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः ग्रँट डफने लिहिलेला इतिहास. त्यातल्या चुका या कागदांवरून दाखवता येतात, हे राजवाड्यांच्या ध्यानात आले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले.

हे काम कसे चालायचे, ते सांगायला हवे. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात होते आणि आपल्याकडच्या अभ्यासकांना ते सहजासहजी पाहायला मिळत नसे. (त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापले गेले, ते १९३० नंतर.) म्हणून राजवाड्यांनी खासगी दप्तरांचा माग काढला. देशमुख, कुलकर्णी, जुने सरदार, मठ, भिक्षुक अशा ज्या ज्या घरांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले कागद असतील, तिथे ते जायचे. खांद्यावर पडशी, बरोबर चार भांडी, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. कुठे कागद वाळवीने खाल्लेले, कुठे रद्दीत गेलेले, कुठे मालक दाखवायलाच तयार नाही. मिळेल ते मोडी वाचायचे, नकलून घ्यायचे, पत्रात नुसती तिथी आणि वार असेल तर त्यावरून साल ठरवायचे, मग छापायचे. पदरचे पैसे नव्हते. वर्गणी आणि मित्रांची मदत यांवर खंड निघत. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट शेवटपर्यंत टिकला.

१९१० च्या जुलैमध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कागद एका माणसाच्या घरी राहिले तर त्याच्याबरोबर जातात, संस्थेत राहिले तर टिकतात, हा त्यामागचा साधा हिशेब. पण संस्था काढणारा माणूस संस्थेत रमतोच असे नाही. मंडळातल्या लोकांशी त्यांचे बिनसले, पुढे ते मंडळ आणि पुणे दोन्ही सोडून गेले. अखेरची वर्षे धुळ्याकडे गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे तिथेही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

आता त्यांच्या मतांविषयी. ती गुळगुळीत करून सांगणे मला बरे वाटत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचे श्रेय संतांच्या चळवळीला दिले होते. राजवाड्यांचे म्हणणे नेमके उलट. संतांनी लोकांना निष्क्रिय केले आणि रामदासांच्या शिकवणुकीने जागे केले, असे ते मानत. चातुर्वर्ण्यावर त्यांचा विश्वास होता आणि जातीचा अभिमान त्यांच्या लिखाणात जागोजागी दिसतो. मंडळाच्या अहवालात त्यांनी कायस्थ प्रभू समाजाविषयी जे लिहिले, त्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून खरमरीत उत्तर दिले. ते उत्तर त्यांना मिळायलाच हवे होते. त्यांच्या लिखाणाने दुखावलेली माणसे खरी होती. विद्वत्तेच्या नावाखाली ते दुखणे झाकता येत नाही. शब्दांच्या आणि गावांच्या नावांच्या व्युत्पत्तीतही त्यांच्या उड्या कधी कधी इतक्या लांब असत की आजचे भाषाशास्त्रज्ञ त्या मानत नाहीत.

पण त्यांनी स्वतःच्या आवडत्या परंपरेलाही सोडले नाही. १९२३ साली 'चित्रमयजगत्'मध्ये त्यांचा प्राचीन आर्यांच्या स्त्रीपुरुषसंबंधांवरचा लेख आला आणि गदारोळ उठला. आज आपण ज्याला विवाह म्हणतो तो सुरुवातीपासून नव्हता, हळूहळू घडत गेला, असे त्यांनी महाभारत आणि वैदिक ग्रंथांच्या आधारे मांडले होते. ज्यांना त्यांचा जातीचा अभिमान आवडायचा, तेच आता चिडले. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हे पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले नाही. पुढे त्याला प्रस्तावना लिहिली ती कॉम्रेड डांग्यांनी! चातुर्वर्ण्य मानणाऱ्या माणसाचे संशोधन कम्युनिस्टांना उपयोगी पडावे, याची मला गंमत वाटते.

मी इतिहासाची नाही, सॉफ्टवेअरची. आमच्या धंद्यात कुणी नुसता निष्कर्ष सांगितला तर आम्ही मूळ डेटा मागतो, कारण तो हातात असला की निष्कर्ष चुकला तरी दुसरा कुणी तो दुरुस्त करू शकतो. राजवाड्यांनी हेच केले. प्रस्तावनांमध्ये आपली मते ठासून मांडली, पण पाठीमागे शेकडो पाने मूळ पत्रे जशीच्या तशी छापली. त्र्यं. शं. शेजवलकरांना पुढे पानिपतावर लिहिताना ती पत्रे उपयोगी पडली. राजवाड्यांची मते पटत नसलेल्यांनाही त्यांचे खंड उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिथे त्यांनी मूळ साधन मागे ठेवले नाही, तिथे मात्र शंका कायम राहिली. त्यांना पाटांगणला मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी पोथी त्यांनी १९०९ साली छापली, पण मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे तिच्या जुनेपणाचा वाद मिटत नाही. एकाच माणसाच्या कामात या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात.

जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा आपण नुकते नोकरीला लागलो होतो. एका पुस्तकावरून वाद पेटला आणि नासधूस झाली ती ग्रंथांची, पोथ्यांची. राजवाडे आणि प्रबोधनकार एकमेकांशी कडाडून भांडले, पण कागदावर. ते कागद आजही आपल्याला वाचता येतात.

आपल्या वर्गाच्या ग्रुपवर इतिहासावरून गेल्या दोन वर्षांत किती वेळा जुंपली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोघेजण ग्रुप सोडून गेले. दोघेही माझ्या बाकाजवळचे. मी कुणाची बाजू घेत नाही. एवढेच सुचवते की पुढच्या वेळी फॉरवर्ड आला तर मूळ कागद कुठे आहे, हे आधी विचारावे. बाईंनी आणि सरांनी आपल्याला गणितात उत्तराबरोबर रीत लिहायला लावली होती, तसेच हे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा वेळ मोकळा आहे. मंडळ उघडे असेल तर जाऊन येऊ. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला कळवावे. त्या दोघांनी तर यावेच.