विश्लेषण : योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद… नैराश्यानंतरच्या विस्मरणावर त्यांचे काम काय सांगते?

नैराश्यातून बाहेर आलेल्या अनेकांची एक तक्रार घरच्यांना पटत नाही. झोप लागते, भूक लागते, माणूस कामावरही रुजू होतो. पण वाचलेले डोक्यात राहत नाही, बोलताना शब्द सापडत नाही, दोन कामे एकाच वेळी झेपत नाहीत. मग सल्ले सुरू होतात. शीर्षासन करा, मेंदूला रक्त मिळेल; प्राणायाम करा, ऑक्सिजन वाढेल. या समजुती शंभर वर्षांपूर्वीही होत्या. त्या तपासून पाहण्यासाठी लोणावळ्यात प्रयोगशाळा उभारली ती संस्कृतच्या एका हुशार विद्यार्थ्याने.

कोण होते जगन्नाथ गुणे?

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण इतरांच्या मदतीवर झाले. 1903 मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि ते बडोदे कॉलेजात दाखल झाले. तिथे त्या काळात अरविंद घोष शिकवत होते. अरविंद आणि लोकमान्य टिळक या दोघांचाही गुणे यांच्यावर प्रभाव पडला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्य करायचे, हे त्यांनी तरुणपणीच ठरवले.

1907 ते 1910 या काळात ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे ते खानदेशात अमळनेरला अध्यापनासाठी आले आणि 1916 मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाविद्यालयातील राष्ट्रवादी वातावरण सरकारला खुपले आणि 1920 मध्ये ते बंद पाडण्यात आले.

योगाकडे ते कसे वळले?

1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली. माधवदास मूळचे बंगालचे. त्यांच्याकडून गुणे यांनी योगाच्या क्रिया शिकून घेतल्या. गुरूवर श्रद्धा होतीच, पण क्रिया केल्यावर शरीरात नेमके काय होते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. उत्तर पोथीत नव्हते. म्हणून ते बडोद्याच्या सरकारी इस्पितळात गेले आणि उड्डियान व नौली करताना क्ष-किरणांनी पोटात काय दिसते ते तपासले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या उणे दाबाला त्यांनी गुरूचे नाव दिले, माधवदास व्हॅक्युम. गुरुदक्षिणेची ही तऱ्हा निराळीच म्हणायची.

लोणावळ्यात काय मोजले जात होते?

1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. तोवर ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले होते. सुरुवातीच्या प्रयोगांचा विषय मन नव्हता, शरीर होते. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती होतो, श्वासातून किती वायू आत जातो व बाहेर येतो, याच्या नोंदी होत. 

शीर्षासनाचे गुण त्यांनीही गायिले, पण पथ्येही लिहिली. कान वाहत असतील, डोळ्यांतील केशवाहिन्या कमजोर असतील, रक्तदाब सतत फार जास्त किंवा फार कमी असेल, तर त्यांनी शीर्षासनाला मनाई केली. आज स्मरणशक्ती वाढावी म्हणून सरसकट सगळ्यांना डोक्यावर उभे करणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

ऑक्सिजनबद्दल तर त्यांनी लोकप्रिय समजुतीलाच धक्का दिला. प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजनमध्ये नाही, मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या शरीरशास्त्राशी हे जुळते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलेच असते. दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही.

प्राणायामाने डोके तल्लख होते का?

या प्रश्नाची मोजणी पहिल्यांदा झाली, तीही त्यांच्या शिष्याकडून. केरळचे कोवूर बेहनन हे अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे अभ्यासक होते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ते लोणावळ्यात राहून कुवलयानंदांकडे योग शिकले आणि नंतर येलच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी प्राणायामात शरीराचा ऑक्सिजनचा वापर 24.5 टक्के, भस्त्रिकेत 18.5 टक्के आणि कपालभातीत 12 टक्के वाढल्याचे त्यांना आढळले. मग आकड्यांची बेरीज, रंगांची नावे सांगणे, कोडी सोडवणे अशा चाचण्या झाल्या. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या या चाचण्यांत डोके तल्लख नव्हे, मंद झालेले दिसले.

बेहनन यांनी हा निष्कर्ष लपवला नाही. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात तो आहे. त्याच पुस्तकात दुसरी बाजूही आहे. प्राणायामानंतर मन कमालीचे सैल आणि शांत होते, दीर्घ सरावाने भावना स्थिर होतात, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. लोणावळ्यात भेटलेले साधक त्यांना समाधानी माणसे वाटली. एका माणसावरच्या प्रयोगाला मर्यादा असतात, हे खरे. पण योग आधी मनाला निववतो आणि विचारशक्तीवरचा परिणाम लगेच दिसेलच असे नाही, हा धागा इथे हाती लागतो.

मग नैराश्यानंतर उपयोग कसा होतो?

मनःस्थिती सुधारल्यावरही लक्ष, कामकाजी स्मृती आणि विचारांचा वेग काही काळ मागे राहू शकतात, हे आता मानसोपचारात मान्य आहे. तो आळस नव्हे. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल वाढलेले राहते आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसवर त्याचा परिणाम होतो. योगाचा मार्ग इथूनच जातो. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेतील अभ्यासात योग करणाऱ्या नैराश्यग्रस्तांमध्ये कॉर्टिसॉल घटल्याचे दिसले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात औषधांच्या जोडीला सहजयोगाचे ध्यान करणाऱ्या रुग्णांची लक्ष आणि कामकाजी स्मृतीच्या काही चाचण्यांत अधिक प्रगती झाली. रुग्ण मात्र अवघे 30 होते. त्यावरून हमी देता येणार नाही, आशा धरता येते. औषधे सुरू होती, हेही विसरून चालणार नाही. मनाने गोळ्या बंद करून योगावर विसंबणे घातक ठरू शकते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात भस्त्रिकेसारखे जलद श्वसन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कुवलयानंदांची उपचारपद्धती कशी होती?

1963 मध्ये त्यांनी डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचारावरचे पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. त्यात तीन गोष्टींवर भर आहे : मनाचा दृष्टिकोन बदलणे, स्नायू, मज्जा आणि ग्रंथींना नवे वळण लावणे, आणि आहार व मलविसर्जन सुधारणे. आसनांच्या आधी यम-नियम येतात. नैराश्यातून उठलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी उठणे, जेवणे, थोडे आसन, थोडा सावकाश श्वास एवढेच आधी जमवावे लागते. त्या दृष्टीने हा क्रम आजही व्यवहार्य वाटतो.

महात्मा गांधींनीही 1927 मध्ये प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षण समितीवर त्यांनी काम केले, मुंबईत चौपाटीवर योगाचे आरोग्यकेंद्र उघडले, लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय काढले आणि अखेरच्या वर्षांत तिथे रुग्णालयही उभे राहिले. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ त्यांच्यानंतरही चालू राहिले.