पापळचे पंजाबराव

आपल्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा हेतू केवळ गौरव करणे एवढाच नसतो; त्या चरित्राच्या आरशात आपणही स्वतःस पाहावे, अशी अपेक्षा असते. यंदा आम्ही कै. डॉ. पंजाबराव देशमुख यांचे स्मरण करीत आहोत. गावची शेती, समाजाचे काम आणि परदेशगमन या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आज आपल्यातील कितीतरी घरांपुढे उभा आहे. तो प्रश्न या वऱ्हाडी कास्तकाराच्या घरापुढे शंभर वर्षांपूर्वीच आला होता.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शामराव व राधाबाई या दांपत्याच्या पोटी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबरावांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. घर शेतकऱ्याचे, प्रदेश काळ्या जमिनीचा व कपाशीचा. पाऊस लहरी, भाव परक्याच्या हाती आणि अडीअडचणीला सावकाराचे दार, असा तेव्हाच्या वऱ्हाडातील कास्तकाराचा संसार होता. गावची शाळा अपुरी पडली म्हणून शिक्षणासाठी मुलाला गाव सोडावे लागले. पुढे अमरावती व पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असा प्रवास झाला आणि १९२० साली ते विलायतेस निघाले. त्यासाठी घरच्या मंडळींनी कर्ज काढून पैसा उभा केला.

एडिंबरो येथे ते एम. ए. झाले, शिष्यवृत्ती मिळविली, ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली आणि बॅरिस्टरही झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. ज्या कुळातील माणसांना वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही यावर महाराष्ट्रात वाद माजले होते, त्या कुळातील एका मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, यातील मर्म आमच्या वाचकांस सांगावयास नको.

१९२६ साली ते परत आले. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाने मोठ्या शहरात वकिली थाटली असती, तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी अमरावती हेच कार्यक्षेत्र मानले. सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ते अग्रभागी होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या व प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. १९२७ सालीच त्यांनी विमलाबाईंशी विवाह केला, तो परजातीत. या विदुषी पुढे १९६७ ते १९७२ या काळात राज्यसभेच्या सदस्य होत्या. पंजाबराव आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग त्यांचा हा विवाह व त्यांचे ते छात्रालयही आमचेच म्हटले पाहिजे. त्यातील सोयीचे तेवढे घेऊन उरलेले झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९३० नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे आली. १९३३ च्या कर्जलवाद कायद्यामागे त्यांचे परिश्रम होते. सावकार व ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून देण्याची रक्कम ठरवावी व ती हप्त्यांनी फेडावी, अशी त्याची योजना होती. ज्याच्या घराने शिक्षणासाठी कर्ज काढले होते, त्याने सर्वांच्या कर्जाचा विचार केला. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी खेड्यातील मुलांस विद्येचे दार उघडून दिले.

घटना समितीचे सदस्यत्व भूषविल्यावर १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते केंद्रात कृषिखात्याचे मंत्री होते. गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, ओळीने लावणी, भरपूर खत व वेळेवर निंदणी अशी जपानी भातशेतीची पद्धत १९५३ पासून देशभर नेण्याच्या मोहिमेस त्यांनी चालना दिली. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीस भरलेल्या जागतिक कृषिप्रदर्शनाच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. प्रत्येक कास्तकारास जग पाहावयास जाता येत नाही. म्हणून त्यांनी जगच त्याच्या भेटीस आणले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

तिन्हींचा मेळ त्यांनी एकट्याने घातला, असे आम्ही म्हणणार नाही. ते एडिंबरोस अभ्यास करीत असता पापळच्या शेतात वखर दुसऱ्या कोणाच्या हाती होता. हा मेळ घराने मिळून घातला. पंजाबरावांचे मोठेपण हे की, ते ऋण ते विसरले नाहीत आणि केवळ आपल्या घरापुरते फेडून थांबले नाहीत. आज आपलीही मुले-मुली परदेशी शिकत आहेत व मागे कोणीतरी शेत राखीत आहे. जाणाऱ्याने अवश्य जावे. परंतु कोणाच्या कष्टावर गेलो, एवढे मनात ठेवावे. आणि राखणाऱ्याची आठवण मंडळाने सत्कारसमारंभातही ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.